पुलावर ब्रेक दाबायचा नाही!

महाराष्ट्रातून माल घेऊन निघालेल्या ट्रकला केरळातल्या तिरुवनंतपुरमला पोचायला किती दिवस लागतील? चार-पाच दिवस खूप झाले, असं तुम्ही म्हणाल. पण जुलै २०१९ मध्ये निघालेली एक गाडी तिथं पोचली थेट जुलै २०२० मध्ये! मध्येच कोरोनाची टाळेबंदी आली हे खरं. पण एरवीही ही गाडी दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर सरकायची.

असं काय होतं तिच्यावर? विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचं ऑटोक्लेव्ह! म्हणजे उष्णता आणि दाब देऊन रॉकेटचे हलके पण दणकट भाग पक्के करणारी अजस्र बंद टाकी. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर आणि रुंदी साडेसहा मीटरांहून जास्त. आपल्या नियमांप्रमाणे मालवाहू ट्रक २.६ मीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. माल त्यापलीकडे गेला की त्याला म्हणतात ‘ओडीसी’, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो. त्याच्यासाठी खास परवानगी काढावी लागते. मार्ग आधी तपासायचा, वाटेतल्या विजेच्या तारा हटवायच्या, फांद्या छाटायच्या, मगच गाडी पुढे.

आता या गाडीची चाकं मोजू या. ७४! सत्तर टनांना ७४ नं भागून बघा. गाडीचं स्वतःचं वजन सोडलं, तर एका चाकाच्या वाट्याला एक टनही येत नाही. ही वाटणी फार महत्त्वाची आहे बरं का. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवले गेले. त्यातून कळलं, की चाकांच्या एका आडव्या दांड्यावरचा, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, जवळजवळ १६ पट होते! म्हणून नियम एकूण वजनाइतकंच प्रत्येक अ‍ॅक्सलवरच्या भाराकडेही डोळ्यांत तेल घालून बघतात.

पण रस्ता कुठं सपाट असतो? पाच-सहा जणांनी मिळून वर्गातला बाक उचलला, की जो उंच त्याच्यावर जास्त भार आणि बुटका नुसता हात लावून चालतो. चाकांचंही तसंच झालं असतं. म्हणून अशा ट्रेलरच्या चाकांवर तेल भरलेले सिलिंडर असतात आणि ते नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक चाक उंचवट्यावर चढलं की त्याच्या सिलिंडरमधलं तेल दुसरीकडे सरकतं. भार पुन्हा सारखा!

करून बघा : सुई नसलेल्या दोन सिरिंज अर्ध्या-अर्ध्या पाण्यानं भरून बारीक नळीनं जोडा. एकीचा दट्ट्या दाबा. दुसरीचा आपोआप बाहेर येतो की नाही?

खरी परीक्षा असते पुलावर. आपल्याकडे काही पुलांचं गणित मांडताना ३८५ टनांचं एक खास वाहन विचारात घेतात. त्याच्यासाठी अटी कडक आहेत. पुलावर त्या वेळी दुसरं वाहन नको. वेग ताशी पाच किलोमीटरपेक्षा जास्त नको, कारण वेगात चाकं आदळली की पुलाला वजनाहून जास्त धक्का बसतो. गाडी पुलाच्या मधोमधच हवी, फार तर ३० सेंटिमीटर इकडेतिकडे. म्हणजे तुमच्या मोठ्या पट्टीएवढं अंतर! कडेनं गेली तर त्या बाजूच्या तुळयांवर जास्त भार पडेल. आणि ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक लागला की गाडीचा सगळा जोर पुलाला पुढे ढकलू लागतो. जुना पूल पेलणारच नसेल, तर कधी कधी नदीच्या पात्रातून तात्पुरता रस्ता करतात.

तेव्हा हायवेवर असली गाडी रांगताना दिसली, तर ‘किती हळू!’ म्हणून कंटाळू नका. ती रस्त्याची आणि पुलाची ताकद ओळखून चालली आहे.

आता तुमच्यासाठी कोडं. त्या ३८५ टनांच्या वाहनात पुढे ओढणारा पुलर आणि मागे २० अ‍ॅक्सलचा ट्रेलर असतो. ट्रेलरच्या प्रत्येक अ‍ॅक्सलवर १८ टन. मग पुलरच्या वाट्याला किती टन आले? लावा डोकं!