चुलीवाचून तापलेला चंद्र

कोकणात माहेर असलेल्या मैत्रिणींना भरती-ओहोटी समजावून सांगायला नको. आमचं संभाजीनगर मात्र पडलं समुद्रापासून लांब. इथल्या मुलांना भरती ठाऊक असते ती पुस्तकातली, नाहीतर सहलीतली. अलिबागला ओहोटी असली की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, भरती आली की मधे पाणीच पाणी! शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवताना मला ही सहल फार उपयोगी पडते. चंद्र पाणी ओढतो, एवढं मुलांना पटतं. पण सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी ओढतो, मग जमिनीला का नाही ओढत?"

ओढतो की! पायाखालची जमीनसुद्धा रोज वीतभर वर-खाली होते. घरदार, रस्ते सगळंच बरोबर हलतं, म्हणून आपल्याला कळत नाही इतकंच.

आता हाच प्रकार गुरूपाशी कसा होतो पाहा. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. त्याचा आयो नावाचा चंद्र आपल्या चंद्राहून जरासाच मोठा, आणि गुरूपासून सुमारे ४ लाख २२ हजार किलोमीटरवर. आपला चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजारांवर, म्हणजे अंतरात फारसा फरक नाही. पण ओढीत केवढा फरक! आयोची वाट अगदी गोल नाही. गुरूच्या जवळ आला की तो जास्त ताणला जातो, लांब गेला की सैलावतो. त्याची दगडी जमीन १०० मीटरपर्यंत वर-खाली होते, आणि एक फेरी होते जेमतेम साडेबेचाळीस तासांत.

पक्कड हाताशी नसली की तार तोडायला आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवतो ना? तुटायच्या आधी तिथं बोट लावून पाहा, चांगली गरम लागते. चूल नाही, वीज नाही. वाकवण्याचे श्रमच उष्णता होऊन बसतात. आयो आतून तापतो तो असाच.

मग इतक्या काळात त्याची वाट गोल होऊन तो गार कसा पडला नाही? तर शेजाऱ्यांमुळे! आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. त्यामुळे झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी त्यांची ओढ लागत राहते, आणि वाट गोल होऊच देत नाही. शेजारी स्वस्थ बसू देत नाहीत म्हणतात ते हेच.

पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं आणि आयो आतून वितळलेला असावा, असं २ मार्च १९७९ ला छापलं. तीनच दिवसांनी 'व्हॉयेजर १' यान गुरूजवळून गेलं. त्यानं पाठवलेल्या छायाचित्रांत मागच्या ताऱ्यांच्या जागा तपासून यानाचा मार्ग ठरवायचा, हे लिंडा मोराबिटो या तरुण अभियंतीचं काम. आयोच्या कडेला तिला छत्रीसारखा एक फिकट आकार दिसला. कॅमेऱ्याचा दोष म्हणून ती तो सोडून देऊ शकली असती. तिनं एकेक शक्यता तपासून बाद केली. उरला तो ज्वालामुखीचा फवारा, जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर उंच! पृथ्वीबाहेर जागा ज्वालामुखी माणसाला प्रथमच दिसला होता. फवारा तिच्या नजरेस पडला तो दिवस होता ९ मार्च, महिला दिनाचा दुसरा दिवस. वर्गात हे नाव मी मुद्दाम फळ्यावर लिहिते.

शनीच्या एन्सेलॅडसचा व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, म्हणजे इथून रस्त्यानं नागपूरला जावं साधारण तेवढा. वर बर्फ, थंडी शून्याखाली २०० अंशांच्या आसपास. तरीही २००५ साली 'कॅसिनी' यानाला त्याच्या दक्षिण टोकाकडून पाण्याच्या वाफेचे आणि हिमकणांचे फवारे उडताना दिसले. बर्फाखाली खारा समुद्र आहे, आणि तो गोठत नाही तो याच ताणण्या-सैलावण्यामुळे. सूर्यापासून लांब म्हणजे सगळं मेलेलं, हा हिशेब तिथं चुकला. पाणी आणि ऊब आहे तिथं जीव असेल का? युरोपाच्या बर्फाखालीही समुद्र असावा, म्हणून १४ ऑक्टोबर २०२४ ला 'युरोपा क्लिपर' यान निघालं आहे. पोचायचं २०३० मध्ये.

तोवर आपल्या गच्चीवरून गुरू पाहायला हरकत नाही. साधी द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर नीट टेकवा, म्हणजे हात हलणार नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. त्यांच्या जागा वहीत मांडा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा. जागा बदललेल्या असतील. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं. चारापैकी एखादा सापडला नाही, तर बहुधा तो आयोच. गुरूच्या झगमगाटात तो फार वेळा लपतो.