पहिलीच्या वर्गातली दुसरी भाषा

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय काढला आणि राज्यभर रान उठले. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली, तरी विरोध शमला नाही. अखेर २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. या वादात राजकारण भरपूर होते. पण शिक्षक, पालक आणि भाषेचे अभ्यासक जो मुद्दा पुन्हा पुन्हा मांडत होते तो निखळ शैक्षणिक होता. सहा वर्षांच्या मुलाचा घरच्या भाषेत वाचण्यालिहिण्याचा पाया पक्का व्हायच्या आत त्याच्यावर परक्या भाषेचे ओझे टाकू नये, असे ते सांगत होते. मुद्दा बिनतोड होता. मात्र तो मांडताना, अपवाद वगळता, महाराष्ट्रातल्या पहिलीच्या मुलाची घरची भाषा मराठीच असते हे सगळे धरून चालले होते. धारणी आणि चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलाच्या बाबतीत, धडगाव-अक्कलकुव्यातल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलीच्या बाबतीत, भामरागड-एटापल्लीतल्या माडिया घरांच्या बाबतीत हे खरे नाही. पहिलीच्या वर्गात त्यांच्या कानावर पडणारी मराठी हीच त्यांची दुसरी भाषा असते, आणि तिच्यापासून त्यांना वाचवा असे म्हणायला त्या वेळी कोणी उभे राहिले नाही.

ही मूठभर मुलांची गोष्ट नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या नऊ टक्क्यांहून अधिक आहे. त्यातल्या सगळ्यांच्याच घरी वेगळी भाषा बोलली जाते असे नाही. कित्येक समाज पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात. पण देशभरात भिली व तिच्या बोली बोलणारे एक कोटीच्या वर, गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात आहेत, आणि या तिन्ही भाषांचा मोठा पट्टा महाराष्ट्रात येतो. त्यांपैकी भिली मराठीच्या कुळातली आहे. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी, तर कोरकू थेट संथाली-मुंडारीच्या कुळातली. कायद्याने या मुलांकडे पाठ फिरवली आहे असेही नाही. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ १९५६पासून सांगते. २००९चा शिक्षण हक्क कायदा ‘शक्य असेल तेथवर’ अशी पळवाट ठेवून का होईना, तेच सांगतो. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. सत्तर वर्षांचे हे शहाणपण वर्गाच्या उंबऱ्याशी येऊन थबकते, कारण पुढचे सगळे शिक्षकाने करायचे असते आणि ते कसे करायचे हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेच्या पुस्तकांत बहुभाषिकतेचे नावच नाही असे म्हणता येणार नाही. तो घटक असतो, त्यावर टीप लिहायला येते, गुणही मिळतात. अडचण सराव पाठांपाशी सुरू होते. छात्राध्यापक विद्यालयाच्या आसपासच्या शाळेत जातो, टाचण काढतो आणि मराठी समजणाऱ्या मुलांना मराठी कविता शिकवून येतो. दोन वर्षांत तो मराठी ‘विषय’ शिकवायला शिकतो. मराठी येत नसलेल्या मुलाला मराठी ‘भाषा’ शिकवायला शिकत नाही. ही दोन कामे इतकी वेगळी आहेत की एकात तरबेज असलेला माणूस दुसऱ्यात पार कोलमडू शकतो. इंग्रजीच्या बाबतीत हा फरक आपल्याला लगेच पटतो, कारण इंग्रजी परकी आहे हे आपण मान्य केलेले असते. मराठीही कुणाला परकी असू शकते, हे मराठी माणसाच्या गळी उतरायला वेळ लागतो.

नमुन्यादाखल वहीतली एक चूक घेऊ. कोरकू मुलगा ‘घोडाला पाणी दिले’ असे लिहितो. शिक्षक लाल शाईने ‘घोड्याला’ करतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. उद्या तोच मुलगा ‘मुलगाने’ लिहितो, परवा ‘शाळात’, आणि हळूहळू हा पोरगा कच्चा आहे असा शेरा पक्का होतो. खरे पाहता त्याने नियम मोडलेला नाही, नियम लावला आहे. कोरकूत प्रत्यय नामाला सरळ जोडला जातो. मराठीत मात्र प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते, आणि ही भानगड आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती भानगड आहे हेच विसरायला होते. लिंगाचेही तसेच. झाड नपुंसकलिंगी, वेल स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का, याला मराठी भाषकाकडेही उत्तर नसते; तो ते दुधाबरोबर शिकलेला असतो. कोरकू व्याकरण सजीव-निर्जीव हा भेद पाहते आणि एकवचन-अनेकवचनाबरोबर द्विवचनही सांभाळते, म्हणजे संस्कृतात आपण घोकलेली गोष्ट ते मूल सहाव्या वर्षी सहज वापरत असते. गोंडीची वाटणी आणखी निराळी. तिथे पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या बाजूला. त्यामुळे ‘बाई आलं’ असे म्हणणाऱ्या मुलाला बाईंचा अपमान करायचा नसतो. शिक्षकाला कोरकू किंवा गोंडी अस्खलित यावी अशी अपेक्षाच नाही. त्या भाषेची ठेवण सांगणारी वीस-पंचवीस पाने त्याच्या हाती असली, तरी चुकीमागचे कारण त्याला ओळखता येईल आणि पोराला कच्चे ठरवण्याआधी तो थांबेल.

चुकांपेक्षा जास्त घोटाळा होतो तो गप्प बसण्यावरून आणि बोलण्यावरून. नवी भाषा शिकणारे मूल पहिले काही महिने नुसते ऐकत असते. जगभर हे आढळलेले आहे. अननुभवी शिक्षक त्याला बुजरे तरी म्हणतो किंवा मंद तरी. पुढे दीड-दोन वर्षांत तेच मूल मधल्या सुट्टीत मराठीत भांडू लागते, खाऊ मागू लागते, आणि शिक्षकाला हायसे वाटते. नेमक्या याच टप्प्यावर मोठी फसगत होते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८०च्या सुमारास स्थलांतरितांच्या मुलांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की रोजच्या बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण पाठ्यपुस्तकातली, कार्यकारण सांगणारी, तुलना करणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे मैदानात फर्डी मराठी बोलणारा तिसरीतला मुलगा ‘यापैकी कोणते विधान चूक आहे’ या प्रश्नापाशी अडला, तर त्याचे गणित कच्चे असेलच असे नाही. हा फरक प्रशिक्षणात शिकवला नाही, तर शिक्षक भाषेची मदत नेमकी गरज असते तेव्हाच काढून घेतो.

मग करायचे काय? एखादे चित्र घ्यावे: बाजाराचे किंवा मोहफुले वेचणाऱ्या बायकांचे. मुलांना त्यावर कोरकूत हवे तितके बोलू द्यावे. शिक्षकाला कळत नसेल तर चौथीतल्या मुलीला किंवा अंगणवाडी मदतनीस ताईंना दुभाषी करावे. मुलांची चार-पाच वाक्ये फळ्यावर देवनागरीत लिहावीत. देवनागरीत कोरकू लिहिता येते, त्यामुळे वाचनाची मेख, म्हणजे या खुणांमधून माझेच बोलणे बाहेर पडते ही गोष्ट, मुलाला पहिल्याच महिन्यात कळते. मराठी स्वतंत्रपणे, आधी तोंडी, कृतीतून, थोड्या शब्दांत, रोज ठरावीक वेळी चालवावी. गणिताचे उदाहरण समजून घ्यायचे घरच्या भाषेत, गटात वाद घालायचा त्याच भाषेत, आणि उत्तर मराठीत मांडायचे. हे कौशल्य भाषण ऐकून येत नाही. सायकल चालवण्यासारखे ते धडपडतच शिकावे लागते, आणि म्हणून डी.एल.एड.च्या सराव पाठांपैकी काही तरी मराठी घरची भाषा नसलेल्या वर्गांवर झाले पाहिजेत.

भाषेबरोबर घरची रीतही वर्गात येते. गुरुजींना ‘तू’ म्हणणाऱ्या आदिवासी मुलाला उद्धट ठरवणाऱ्याने आपणही आईला आणि देवाला ‘तू’च म्हणतो हे आठवावे. कामाच्या दिवसांत शाळा बुडते, कारण गुरे राखणे हा त्या मुलाच्या घरच्या जगण्याचा भाग असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी काम करताना याचा राग धरला नाही. गुरे जिथे चरायला जातात तिथेच शिक्षण नेले आणि कुरणशाळा चालवली. ‘अंगणवाडी’ त्याच कामातून पुढे आली. देशाने अंगणवाडी उचलली, नावासकट गावोगाव पोचवली. मुलाच्या जगण्याकडे पाहून शाळेने स्वतःला वाकवायचे, हा त्यामागचा विचार मात्र अध्यापक विद्यालयात थोर व्यक्तींच्या चरित्रापुरता उरला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, त्या त्या भाषेचा शिक्षकच नेमावा. स्थानिक शिक्षक हवेतच. पण एका शाळेत दोन-तीन भाषांची मुले असतात, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या सगळ्या जागा स्थानिक जमातींना राखून ठेवण्याचा आंध्र प्रदेशचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला आहे. त्यापलीकडची गोष्ट अशी की भाषा येणे आणि त्या भाषेतून शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. स्वतः मराठी शाळेत घरची बोली गिळूनच जो शिक्षक झाला, तो वर्गात ती बोली आणायला पुष्कळदा सर्वांत जास्त कचरतो. त्याच्या मते ती त्याने मागे टाकलेली गोष्ट असते. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ते एकवीस भाषांपर्यंत नेले. तिथे त्या समाजातले शिक्षक नेमलेच, पण त्यांच्या भाषांत साहित्य तयार करणे आणि त्यांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण देणे हेही सोबत करावे लागले. फिलिपिन्सची कथा याच्या उलट आहे. २०१३च्या कायद्याने तिथे तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण सक्तीचे केले. पण शिक्षकांची तयारी आणि पुस्तके या दोन्ही आघाड्यांवर ते लंगडत राहिले आणि २०२४ मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. धोरण चुकीचे होते म्हणून ते पडले असे म्हणवत नाही. ते ज्यांच्या खांद्यावर टाकले, त्यांना त्यासाठी उभेच केले नव्हते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. आमच्या पोरांना मराठी शिकवा, जमले तर इंग्रजी. कोरकू त्याला येतेच, असे पालक म्हणतात. यात न्यूनगंड शोधणे हा शहरी उद्धटपणा झाला. तलाठी कार्यालयापासून पोलीस भरतीपर्यंत मराठीवाचून अडते हे त्यांनी भोगलेले असते. शंका इतकीच की थेट मराठीत लोटल्याने मराठी चांगली येते का. नायजेरियातील इफे येथे १९७०मध्ये बाब्स फाफुनवा यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात मुलांना सहा वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी स्वतंत्र विषय म्हणून नीट शिकवली. इंग्रजी माध्यमात लवकर ढकललेल्या मुलांच्या तुलनेत ती मुले इतर विषयांत तर पुढे होतीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. बहुभाषिक शिक्षणाचे अभ्यासक अजित मोहंती यांनी भारतातल्या भाषांच्या उतरंडीत दुहेरी दरी दाखवली आहे: इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांमधली एक, आणि प्रादेशिक भाषा आणि आदिवासी भाषांमधली दुसरी. पहिल्या दरीच्या काठावर उभे राहून मराठी माणूस हक्काने ओरडतो. दुसरीच्या वरच्या काठावर तोच उभा आहे.

राहता राहिला प्रश्न मुक्कामाचा. शिक्षकाने दुर्गम गावात तीन वर्षे काढली की त्याच्या कानाला भाषा लागते, कोणते मूल का गप्प आहे ते कळू लागते, गावातली माणसे त्याला ओळखू लागतात. जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७च्या बदली धोरणाने ‘अवघड क्षेत्रा’त तीन वर्षे सेवा केली की सोयीच्या गावी बदली मागण्याचा हक्क दिला. शिक्षकाच्या बाजूने ते रास्तच आहे; कायम अवघड जागी अडकून कोणी पडू नये. पण उपयोगी पडू लागला की शिक्षक जाणार, हे त्यातूनच ठरून जाते. जो थांबेल, भाषा शिकून तिची परीक्षा देईल, त्याला वेतनवाढ का नसावी? सरकारी नोकरांना मराठी आणि हिंदी भाषांच्या परीक्षा द्यायला लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यात कोरकू, गोंडी, भिली यांची भर घालायला नवे खाते उघडावे लागणार नाही. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात प्रत्येक मुलाच्या नावापुढे मातृभाषेचा रकाना असतो. तो प्रामाणिकपणे भरला, तर कोणत्या शाळेत कोणत्या भाषेची किती मुले आहेत हे दर वर्षी कळू शकते. ती यादी पदस्थापना करणाऱ्याच्या टेबलावर आणि जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत जून उजाडण्याआधी पोचवणे, एवढे काम तर याच वर्षी करता येण्यासारखे आहे.