तेवढ्यात म्हणजे नेमकं कधी?

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत विसर्जनाची मिरवणूक अडली होती. ढोल थांबले, पोरांनी दोर धरून रिंगण केलं आणि मध्ये एकाने दांडपट्टा चढवला. जमिनीवर लिंबू ठेवलं. पट्टा दोनदा भिंगरीसारखा फिरला आणि तिसऱ्या फेरीला लिंबाची दोन शकलं उडाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारचे टोपीवाले बाबा मात्र हाताची घडी सोडेनात. "पाय चुकना रे भो," ते म्हणाले.

"पण बाबा, लिंबू तर कापलं!"

"लिंबू ते इळाघाई बी कापाई जास." म्हणजे, लिंबू तर विळ्यानेही कापलं जातं.

पलीकडे उभ्या एका गृहस्थांना हे झोंबलं. "आमना वस्तादनी असंच शिकाडं," ते म्हणाले, आणि दोघांची जी जुंपली ती पांझरेच्या काठापर्यंत मिटली नाही.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच कारणाने. अगदी हेच भांडण युरोप-अमेरिकेतल्या आखाड्यांमध्ये गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्यांच्याकडे पट्टा नाही, जर्मन लांब तलवार आहे. दोन्ही हातांनी धरायची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी, पण वजनाला साधारण दीड किलोच. त्यांचा मूळ वस्ताद योहानेस लिख्तेनावर, चौदाव्या शतकातला. त्याने आपली विद्या तुटक, यमकं जुळवलेल्या ओळींत बांधली आणि मुद्दाम कोड्यात ठेवली, म्हणजे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला ती कळू नये. पुढे पंधराव्या शतकात झीगमुंड रिंगेकसारख्यांनी त्या ओळींवर टीका लिहिल्या. १४५२ची एक हस्तलिखित वही आज रोममध्ये आहे. १५७०मध्ये योआखिम मायरने स्ट्रासबुर्गला चित्रांसकट जाडजूड पुस्तकच छापलं. मग काळ बदलला, लांब तलवार मागे पडली आणि गुरू-शिष्यांची साखळी तुटली. उरले कागद. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही हौशी माणसांनी ते उघडले, हातात बोथट तलवारी घेतल्या आणि वाचून वाचून वार करायला लागले. भांडणं तिथूनच सुरू झाली.

एकच वार जवळून बघू. त्याचं नाव क्रुम्पहाउ, म्हणजे वाकडा वार. रिंगेक सांगतो की बाजूला पाऊल टाक आणि हातांची कैची करून समोरच्याच्या हातांवर वार कर. वाचायला सोपं आहे. आता घरातली लांब छत्री दोन्ही हातांत धरून करून बघा (मी केलं, ट्यूबलाइट थोडक्यात वाचली). कैची वार सुरू होतानाच करायची, की वार बसताना आपोआप व्हायची? पात्याची पुढची धार लागायची की मागची? वाकडं नेमकं काय आहे, हात, तलवारीची वाट की आपलं पाऊल? एकाच वाक्यातून तीन-चार वेगवेगळे वार निघतात आणि प्रत्येकाचा पुरस्कर्ता म्हणतो की माझाच खरा, कारण माझ्या हातून तो लागतो. बाबांचं लिंबू आठवा. लागणं हा पुरावा धरायचा की नाही, इथेच खरी मेख आहे.

त्यात आणखी एक पेच आहे. जीव वाचावा म्हणून ही मंडळी जाळीचे मुखवटे आणि जाडजूड हातमोजे घालतात. त्स्वेर्खहाउ, म्हणजे आडवा वार, करताना अंगठा पात्याच्या सपाट अंगाखाली सरकवायचा असतो. जाड मोज्यात तो अंगठा नीट सरकतच नाही. मग कुणी म्हणतं, हा वार कुचकामी आहे. दुसरा म्हणतो, वार नाही, मोजा कुचकामी आहे. शिवाय मरणाची भीतीच नसल्यामुळे दोघं एकदम एकमेकांवर तुटून पडतात आणि दोघांनाही लागतं. खऱ्या धारेसमोर असं धाडस कोण करेल?

पण मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो एका छोट्या शब्दापाशी. 'इंडेस'. आधी, नंतर आणि इंडेस, या तीन शब्दांवर लिख्तेनावरची सगळी विद्या उभी आहे. तलवारी एकमेकींना भिडल्या, की समोरचा जोर लावतोय की ढिला पडलाय हे पात्यातून हाताला जाणवतं, आणि इंडेस आपण हलायचं. याचा अर्थ लगेच? त्याच वेळी? की त्याचं चालू असतानाच, मधल्या फटीत? भाषांतरकारांचं यावर एकमत होत नाही. मला वाटतं, मराठीत त्याला चपखल शब्द आहे : तेवढ्यात. आणि गोची अशी, की तेवढ्यात म्हणजे नेमकं किती वेळात, हे मराठी माणसालाही सांगता येत नाही.

कोड्यातली अक्षरं वाचण्याची हौस आम्हा खानदेशवाल्यांना नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १९२६च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. अशा दप्तरांतली मोडी शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. कुठे शब्द संपतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आमच्याकडच्या मारवाडी पेढ्यांवरचा तो जुना विनोद सगळ्यांना ठाऊक आहे : काना-मात्रा नसलेल्या महाजनी पत्रात लिहिलं होतं 'काका अजमेर गये', आणि घरच्यांनी वाचलं 'काका आज मर गये'. रडारड झाली म्हणतात. एका अक्षरात एवढा घोळ होतो, तर अख्ख्या वारात किती होईल!

आपल्याकडच्या पट्ट्याची गोष्ट त्या लांब तलवारीच्या नेमकी उलटी आहे. वस्तादांची साखळी टिकली, जुनी वही मात्र नाही. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले ते फार मोठं काम, पण तोवर पट्ट्याची लढाई संपून किती पिढ्या लोटल्या होत्या! आणि चित्रात पाऊल कुठे पडलं ते दिसतं, कुठून आलं ते दिसत नाही. पट्ट्याचं तर आणखी अवघड. हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आत आडवी मूठ असते, मनगट जवळजवळ बांधलं जातं. मग वार खांद्यातून, कमरेतून, पावलातून काढावा लागतो. म्हणून तर बाबा पायाकडे बघत होते. पट्टा भोवती फिरवायचा तो गर्दीत घेरलेल्याने वाट काढायला, की मिरवणुकीत लोकांचे डोळे दिपवायला? पातं लवचीक असलं तरी भोसकायलाही वापरायचे का? यावर दोन तालमींचं पटत नाही. तमाचा, बाहेरा, हूल ही वारांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, हात मात्र तालमीगणिक वेगळे. भाषेनेही तेच केलं. विरोधकांनी आक्रमक पवित्रा घेतला, असं आपण रोज पेपरात वाचतो, आणि पवित्र्यात मुळात पाय असतात हे विसरून गेलो.

तिकडची तलवार आणि इकडचा हात एकमेकांना भेटलेही होते. मराठ्यांची फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्याला बसवलेली इथली मूठ. काही पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण सापडते. ती पासाउ आणि झोलिंगेन या जर्मन गावांतल्या कारागिरांची (आणि तिची नक्कल करणारेही कमी नव्हते!). सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी वाट फ्रेंच प्रवासी ताव्हेर्नियेने नोंदवली आहे : नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. म्हणजे थेट आमच्या दारावरून. त्या बैलगाड्यांत एखादं लांडग्याचं पातं असेलही. त्याच्याबरोबर वापरायची रीत मात्र कुणी पाठवली नसणार. ज्याच्या हाती पडलं त्याने ते आपल्या पावलांनी चालवलं.

पांझरेच्या काठावर बाबांनी शेवटी त्या गृहस्थांच्या हातातली छत्री घेतली. डावा पाय तिरपा टाकला, कमरेतून वळले आणि छत्रीचं टोक जमिनीपासून बोटभर वर थांबवलं. "असं." गृहस्थांनी छत्री परत घेऊन उजवा पाय टाकला. "नाही, असं." दोघं वाकून एकमेकांच्या चपलांकडे बघत राहिले.

तेवढ्यात गणपती पाण्यात गेला. दोघांनीही बघितलं नाही.