अंतःकरणाचा अर्ज कलेक्टरकडे कशाला?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण गेले. त्यासाठी त्यांनी कोणत्या कलेक्टरची परवानगी काढली होती? प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, पत्ता कोणत्या कचेरीच्या फळ्यावर लागला होता? आज हे प्रश्न विचारण्याची पाळी आली आहे. गावोगावच्या ख्रिस्ती बांधवांवर जो फास आवळला जात आहे, तो आपल्याही गळ्यापर्यंत आला आहे.

या फासाचे एक टोक नागपुरातच आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली तेथील सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. धर्मांतरावर कायद्याने नियंत्रण आणावे, अशी शिफारस या समितीने १९५६ साली केली. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या धम्मदीक्षेत बाबासाहेबांसोबत बौद्ध होणाऱ्यांत हेच नियोगी होते! स्वतःचा धर्म निवडताना त्यांना कोणाची आडकाठी झाली नाही. मग आदिवासी आणि दलितालाच अक्कल नाही, तो तांदळाच्या पोत्याला भुलतो, हे गृहीतक कोठून आले? ही मनुवादी नजर नव्हे तर काय?

१९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्यात धर्मांतर झाल्यानंतर कळवायचे होते. २०२१ च्या कायद्याने साठ दिवस आधी कळवण्याची सक्ती केली. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने तर कहर केला. धर्म बदलणाऱ्याची जन्मतारीख, पत्ता, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असलेले निवेदन कचेरीच्या सूचनाफलकावर लावायचे. पूर्वी फळ्यावरचा कागद चार माणसे वाचत. आता मोबाईलवर फोटो काढला की तासाभरात तो जिल्हाभर फिरतो. मग रात्री घरासमोर कोण उभे राहते, हे सांगायला नको.

गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून हिंदूंनी बौद्ध होण्यासाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल, असे बजावले. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लोकांच्या श्रद्धेचा अभ्यास पोलिसांनी करायचा, यातच सारे आले!

न्यायालये काय म्हणतात? हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ साली पूर्वसूचनेची सक्ती रद्द केली. आपली श्रद्धा गुप्त ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे, हे त्या न्यायालयाने मान्य केले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी हिमाचल सरकारने २०१९ च्या कायद्यात तीच अट पुन्हा आणली. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही धर्माच्या माहितीला वेगळे संरक्षण देत नाही. उलट सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राला देतो.

दलित ख्रिस्त्याची कोंडी तर दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली आपला, बौद्धांचा, त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. गावात त्याची जात कोणी विसरत नाही, सरकार तेवढे विसरते! चर्चच्या वहीत नाव सापडले तर मुलाचा दाखला जातो, म्हणून तो आपला देव लपवतो. १९९० पर्यंत केंद्राच्या सवलतींसाठी कागदावर हिंदू राहणे आपल्याही लोकांच्या वाट्याला आले होते. हे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगावे काय?

आम्ही स्पष्ट सांगतो. जबरदस्ती आणि फसवणूक करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यासाठी श्रद्धाळू माणसाची यादी कशाला? घटनेच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, कलेक्टरच्या शिक्क्याचे नाही. 'हा ख्रिस्त्यांचा प्रश्न आहे' म्हणून आपण गप्प बसलो, तर उद्या दीक्षाभूमीच्या दारात रांग लागेल ती दीक्षेसाठी नव्हे, तर अर्ज भरण्यासाठी. बाबासाहेबांच्या लेकरांनी हे होऊ द्यायचे काय?