किल्ली बंद केली की तार जुळते

अमेरिकेत एप्रिल लागला की उपनगरांतल्या गॅरेजांमधून गवत कापायचे छोटे ट्रॅक्टर बाहेर निघतात. ओहायो, मिशिगन, न्यू जर्सी, जिथे घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ असते तिथे बसून चालवायचं हे यंत्र घरोघरी दिसतं. तिथल्या मराठी घरांतही. एक किंवा दोन सिलिंडरचं इंजिन, पोटाखाली पाती, १२ व्होल्टची लहानशी बॅटरी. हिवाळाभर ते उभं असतं, आणि पहिल्याच शनिवारी सेल मारला की नुसतं ‘टक्’ होतं. इथून पुढे जे शोधावं लागतं, त्यात अर्ध्याहून अधिक विद्युतशास्त्र आहे, आणि ते डोळ्यांसमोर घडतं.

आधी कान द्यावेत. काहीच आवाज नसणं, एकच जड ‘टक्’ होणं आणि ‘टकटकटकटक’ अशी अखंड सर लागणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिसरं मला सर्वांत सुंदर वाटतं. स्टार्टर मोटरला शंभर ॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो, तो किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून किल्ली दोन-चार ॲम्पिअर सोलेनॉइडच्या गुंडाळीला देते, गुंडाळी लोहचुंबक होते, आतला दांडा ओढते आणि तांब्याचे दोन जाड संपर्क जुळवते. लहान करंटने मोठ्या करंटचं दार उघडायची ही युक्ती जोसेफ हेन्री १८३०च्या दशकात प्रिन्स्टनला शिकवताना विद्यार्थ्यांना दाखवत असे. आता बॅटरी उतरलेली असेल तर काय होतं पाहा. संपर्क जुळतात, मोटर करंट ओढते, त्या ओढीनेच बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं. चुंबक कमजोर पडतो, स्प्रिंग दांडा मागे ढकलते. मोटर सुटली, ओढ संपली, व्होल्टेज पुन्हा वर आलं, दांडा पुन्हा ओढला गेला. सेकंदाला कितीतरी वेळा हेच चक्र. ती ‘टकटक’ म्हणजे बॅटरीने स्वतःच सांगितलेलं निदान आहे: मी भार उचलू शकत नाही. क्वचित बॅटरी धडधाकट असते आणि भार पोचवणारी वाटच खराब असते.

ती खराब वाट शोधताना भलेभले फसतात. मल्टिमीटर लावावा तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो. सहा कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या टोकाशी मोजलं तरी तेवढेच. तार ठीक आहे असं वाटतं, आणि ती नसते. मल्टिमीटरचा स्वतःचा अवरोध साधारण १० मेगाओम असतो, म्हणजे मोजताना तारेतून जेमतेम सव्वा मायक्रोॲम्पिअर जातो. तारेचे सगळे पदर कुजून एकच उरला असेल, तरी एवढासा करंट बिनबोभाट पार होतो. ओढ्यावरच्या साकवावरून माणूस आरामात जातो, म्हणून तिथून भरलेला ट्रकही जाईल असं होत नाही.

म्हणून तार चालू कामात मोजायची. पाती बंद, ब्रेक लावलेला, स्पार्क प्लगची तार काढून इंजिनच्या अंगाला टेकवलेली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी सेल मारायचा. निगेटिव्ह केबल चांगली असेल तर आकडा शून्याजवळच राहील, ०.२ व्होल्टच्या आत-बाहेर. ३ व्होल्ट दिसले तर चोर सापडला. शंभर ॲम्पिअरला ३ व्होल्ट म्हणजे अवरोध ०.०३ ओम, घरातला साधा मीटर एरवी धडपणे मोजूही शकत नाही इतका कमी. तरी तेवढ्यात ३०० वॉट खर्च होतात, एका गंजलेल्या बोल्टखाली, उष्णता होऊन. थोडा वेळ सेल मारून त्या सांध्याला बोट लावलं तर तो गरम लागतो. गेओर्ग ओमने १८२७ साली छापलेला नियम असा हाताला लागतो याचं मला दरवेळी नवल वाटतं. उपायही स्वस्त आहे: तारेचा ब्रश, सँडपेपर, घट्ट आवळलेला नट. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढावी. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पान्हा चेसिसला टेकला तर सगळा करंट पान्ह्यातूनच धावतो.

काहीच आवाज नसेल तर फ्यूज पाहावा, मग सुरक्षेच्या स्विचांची साखळी. ब्रेकचं पेडल दाबलेलं आहे का, पात्यांचा स्विच बंद आहे का, एवढं जुळलं तरच करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतो. यातला एखादा स्विच तारेने कायमचा जोडून टाकायचा मोह होतो. तो टाळावाच. पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी मानकाप्रमाणे सेकंदाला ९६.५ मीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर.

सेल झकास फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा खरी गंमत सुरू होते. कारण ठिणगीचा बॅटरीशी बहुतेक संबंधच नसतो! फ्लायव्हीलच्या कडेत चुंबक बसवलेले असतात. ते दर फेऱ्याला कॉइलजवळून जातात, फॅरडेने १८३१ साली दाखवलं तसा तिच्यात करंट उपजतो, तो नेमक्या क्षणी तोडला जातो आणि प्लगला दहा हजारांहून जास्त व्होल्ट मिळतात. इंजिन स्वतःची ठिणगी स्वतः घडवतं. मग ते बंद कसं करायचं? तोडायला बॅटरीची तारच नाही. म्हणून किल्ली ‘बंद’ केली की उलटं घडतं: कॉइलची एक बारीक तार चेसिसला जोडली जाते, करंट तिथेच जिरतो आणि ठिणगी पडत नाही. पाती फिरत असताना सीटवरून उठलात तरी सीटखालचा स्विच हेच करतो.

त्यामुळे या एका तारेची दुखणी बाकी सगळ्या तारांच्या उलट असतात. ती तुटली तर यंत्र चालतं, पण किल्लीने थांबत नाही. ती कुठे सोलली जाऊन, किंवा हिवाळ्यात उंदरांनी तिचं आवरण कुरतडल्याने, पत्र्याला टेकली, तर सेल मारून मारून हात दुखतो आणि ठिणगी काही येत नाही. पुष्कळ चांगल्या कॉइल अशाच फेकल्या जातात. तपासणी अगदी सोपी आहे. ती बारीक तार इंजिनपाशी काढून ठेवायची आणि ठिणगी पाहायची. ठिणगी आली तर कॉइल शाबूत आहे. मग तार परत जोडून तिचा माग काढत जायचं: इंजिनच्या पत्र्याखाली ती वळते ती जागा, सीटखालच्या स्विचचे चिमटे, आणि जिथे जिथे ती धातूच्या कडेला घासते ती प्रत्येक जागा.