कन्व्हेयर बेल्टचा जोड

कन्व्हेयर बेल्टचा जोड म्हणजे वाहक पट्ट्याची दोन टोके एकत्र सांधून त्याचे अखंड वेटोळे करण्याची क्रिया, तसेच त्या क्रियेने तयार होणारा सांधा होय. कापडी गाभ्याच्या पट्ट्यात हा सांधा सर्वांत कमकुवत भाग असतो. पट्ट्याची ताकद कितीही असली तरी प्रत्यक्षात सांध्याला झेपेल तेवढाच ताण त्याला देता येतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात दगडखाणींलगतच्या खडी क्रशरवर रबरी पट्टे, तर पिरंगुट-उरवडे परिसरातील कारखान्यांत हलके पीव्हीसी व पॉलियुरेथेन पट्टे वापरात असल्यामुळे जोडाच्या बहुतेक सर्व पद्धती तेथे उपयोगी पडतात.

रचना

पट्ट्याचा भार रबर पेलत नाही, आतील विणलेले कापड पेलते. रबराचे काम कापडाचे थर एकमेकांना चिकटवून ठेवणे आणि घर्षण, पाणी व धारदार दगड यांपासून त्यांचे रक्षण करणे एवढेच आहे. पूर्वी गाभा सुती कॅनव्हासचा असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा नायलॉन व पॉलिस्टरने घेतली. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ईपी कापडात ताणा, म्हणजे लांबीच्या दिशेचे उभे धागे, पॉलिस्टरचा असतो व बाणा नायलॉनचा. पॉलिस्टर कमी लांबते, त्यामुळे पट्टा सैल पडत नाही. नायलॉन लवचीक असल्याने पट्टा रोलरवर पन्हळीसारखा सहज बसतो. ‘ईपी ५००/४’ या खुणेचा अर्थ, कापडाचे ४ थर आणि रुंदीच्या दर मिलिमीटरमागे ५०० न्यूटन तुटणताकद. भारतात सर्वसाधारण वापराच्या अशा पट्ट्यांसाठी आयएस १८९१ हे मानक आहे.

पायरी जोड

बहुथरी पट्ट्यासाठी पायरी जोड ही रूढ पद्धत आहे. दोन्ही टोकांचे थर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे क्रमाने सोलून काढतात आणि एका टोकाच्या पायऱ्या दुसऱ्याच्या पायऱ्यांवर उलट्या बसवतात. थरांच्या संख्येपेक्षा पायऱ्या एकने कमी असतात. प्रत्येक पायरीच्या रेषेवर एक थर खंडित झालेला असतो व ताण उरलेल्या थरांवर येतो. म्हणून ३ थरांच्या पट्ट्यात जोडाची सैद्धांतिक ताकद मूळच्या सुमारे ६७ टक्के, ४ थरांत ७५ टक्के आणि ५ थरांत ८० टक्के राहते. ८०० मिमी रुंदीच्या ईपी ५००/४ पट्ट्याची तुटणताकद ४०० किलोन्यूटन असेल, तर जोडाची ३०० किलोन्यूटनपेक्षा अधिक धरता येत नाही. रचनेत मोठा सुरक्षा गुणक घेण्याचे हे एक कारण आहे.

जोड पट्ट्याला काटकोनात न घेता तिरका घेतात, म्हणजे त्याची सर्व रुंदी एकाच क्षणी पुलीवर वाकत नाही. तिरकेपणा रुंदीच्या ०.३ पट ठेवण्याचा प्रघात आहे. वरील पट्ट्यात तो २४० मिमी येतो. प्रत्येक पायरी २०० मिमी धरल्यास ३ पायऱ्यांसह जोडाची लांबी ८४० मिमी होते. नवा पट्टा मागवताना ही लांबी हिशेबात धरणे राहून गेले, तर पट्टा ऐन वेळी आखूड पडतो.

कामातील सर्वांत नाजूक टप्पा थर सोलण्याचा. सुरी किंचित खोल गेली तरी खालच्या थराचे उभे धागे कापले जातात आणि वरून रबर बसल्यावर ही इजा दिसतही नाही. तुटलेल्या अनेक जोडांचे मूळ अशा चिरेत सापडते. उघड्या कापडावरील रबराचा गुळगुळीतपणा ब्रशने घालवतात, पण धागे पिंजू देत नाहीत. दोन्ही टोकांच्या मध्यरेषा अनेक ठिकाणी मोजून जुळवाव्या लागतात. त्या चुकल्या तर जोड पुलीवर आला की पट्टा दर फेरीला एका बाजूला सरकतो.

उष्ण व थंड पद्धत

उष्ण पद्धतीत पायऱ्यांमध्ये कच्च्या रबराचा पातळ पत्रा घालून जोड तापणाऱ्या दोन पाटांमध्ये दाबतात. साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला गंधकामुळे रबराच्या रेणूंचे बंध जुळतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेली व्हल्कनीकरणाची क्रिया ती हीच. थंड पद्धतीत रबरी द्रावणात कठीणक मिसळून त्याचे दोन हात देतात, बोटाच्या मागच्या बाजूला जेमतेम चिकटेल इतके सुकू देतात आणि मग थर बसवून रोलरने हवा काढतात. पट्टा सुरू करण्यापूर्वी काही तास थांबणे आवश्यक असते. हीच घाई बहुधा नडते.

दोन्ही पद्धतींचा शत्रू ओलावा आहे. नायलॉन व सूत पाणी शोषतात. ते पाटाखाली वाफ होऊन थरांत फुगे धरते. थंड द्रावणावर दमट हवेचे बाष्प बसले की थर नीट धरत नाहीत. ताम्हिणी घाटासारखे अतिवृष्टीचे ठिकाण असलेल्या मुळशीत पावसाळ्यात उघड्यावर जोड करायचा, तर आडोसा उभारून कापड आधी वाळवून घ्यावे लागते.

धातूच्या क्लिपांचा जोड अर्ध्या तासात होतो. मात्र त्याची ताकद कमी असते, फटींतून बारीक खडी गळते व क्लिपा स्क्रेपरच्या पात्याला अडकतात. तो तात्पुरता म्हणूनच योग्य.

सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावतात, ताण देणारे वजन बांधून ठेवतात आणि पट्टा दोन्ही बाजूंना शिकंज्यांत धरतात. चढावरील पट्टा मोकळा सुटला तर स्वतःच्या वजनाने खाली घसरतो. द्रावणाची वाफ ज्वालाग्राही असल्याने जवळ वेल्डिंग वर्ज्य असते.

एकसंध विणीचे पट्टे

इंग्लंडमधील क्रेसवेल कोळसाखाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी फाटलेला रबरी पट्टा उतरणीच्या तोंडाशी अडकला, घर्षणाने पेटला आणि ८० कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर भूमिगत खाणींत ज्वालारोधक पीव्हीसीने भरलेले, एकाच जाड विणीचे पट्टे रूढ झाले. भारतात त्यांच्यासाठी आयएस ३१८१ हे मानक आहे. या पट्ट्यांत थरच नसल्याने पायऱ्या काढता येत नाहीत. दोन्ही टोके लांब त्रिकोणी बोटांच्या आकारात कापून एकमेकांत गुंतवतात आणि वर-खाली कापड व पीव्हीसीचे आवरण घालून दाबाखाली वितळवतात. कारखान्यांतील हलक्या पट्ट्यांचा बोट जोडही याच तत्त्वावर होतो, फक्त त्याची बोटे पुष्कळ लहान असतात व दाबयंत्र एका टेबलावर मावते.