मुंबईहून २१ किलोमीटर उंच



रेमंडचे कापड आपल्यापैकी अनेकांच्या घरी, निदान लग्नाच्या सुटापुरते तरी, आलेले आहे. त्या कंपनीचे अनेक वर्षे अध्यक्ष राहिलेले विजयपत सिंघानिया हे पट्टीचे वैमानिक, हे मात्र मुलांना सहसा माहीत नसते. १९८८ साली ते मायक्रोलाइट नावाच्या अगदी हलक्या विमानातून लंडनजवळून निघाले आणि २३ दिवसांनी दिल्लीला उतरले.

त्याहून मोठे धाडस २६ नोव्हेंबर २००५ चे. वय ६७. (या वयात आपण जिना उतरताना कठडा धरतो!) मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून ते २१,०२७ मीटर उंच गेले. आधीचा विक्रम पेर लिंडस्ट्रँड यांचा, १९,८११ मीटरचा. उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाजवळ. फुगा वारा नेईल तिकडे जातो, त्याला सुकाणू नसते.

यात अवघड काय? गरम हवा भोवतालच्या हवेपेक्षा हलकी, म्हणून फुगा चढतो. पण २१ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या साधारण सोळाव्या हिश्शाइतकीच उरते, म्हणजे तेवढ्याच फुग्याची उचलण्याची ताकदही तितकीच घटते. म्हणून फुगा सुमारे १६० फूट उंच करावा लागला. प्राणवायू विरळ, त्यामुळे बर्नर पेटता ठेवणेही कठीण. शिवाय १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की अंगाच्या उष्णतेवरच पाणी उकळू लागते. उघडी टोपली तिथे चालणारच नव्हती. सिंघानिया हवाबंद कुपीत बसले होते. ती गळली असती तर काही क्षणांचाच हिशेब होता. दुसऱ्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

फुग्यांचा आपल्या भागाशीही संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून हायड्रोजनचे बिनमाणसांचे फुगे सोडतात. ते ३०-४० किलोमीटरपर्यंत जातात आणि उपकरणे पॅराशूटने तेलंगण, महाराष्ट्र, कर्नाटक, कुठेही उतरतात. शेतात असा डबा सापडला तर उघडू नका, हलवू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते, आणि छेडछाड झाली की शास्त्रज्ञांची मेहनत वाया जाते. डब्यावरच्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस व खर्चही मिळतो.